टेमघरची बिनदाराची खोली

भिवंडीत अनधिकृत बांधकाम कुणीच करत नाही. बारा वर्षं मी महापालिकेच्या नोटिसा बजावतोय. 'हो, मी बांधलं' म्हणणारा माणूस अजून भेटायचाय. कुणी म्हणतं भावाने बांधलं, कुणी म्हणतं घर घेतलं तेव्हापासून असंच होतं. त्यामुळे टेमघरच्या रामनाथने हात जोडून "साहेब, ती खोली आमी न्हाय बांधली" म्हटलं, तेव्हा मान वर न करताच मी नोटिशीवर त्याची सही घेतली.

गोदामांना जमिनी देऊन वर आलेली माणसं. गळ्यात साखळी, दारात गाडी, आणि स्वयंपाकघराच्या मागे थेट गटारावर चढवलेली आठ बाय दहाची खोली. प्लास्टर नाही, नुसत्या विटा. दार नाही, खिडकी नाही.

"आत जाता कुठून?" मी विचारलं.

"जात न्हाय," रामनाथची आई, धोंडूबाई म्हणाली. "आमी कशाला जाऊ?"

आधी चार भिंती उभ्या करायच्या, प्रकरण थंडावलं की दार फोडायचं. असल्या युक्त्या मी कोळून प्यालोय. जाताना खुणेसाठी मागच्या भिंतीवर खडूने फुली मारली.

पंधरा दिवसांनी मोजली तर खोली आठ बाय बारा. फुली त्याच विटेवर होती. वीट मात्र दोन फूट पुढे आली होती.

भिंत पाडून पुढे बांधली आणि वर माझ्या फुलीची नक्कलही केली, असं मी अहवालात लिहिलं. माज म्हणतात तो हाच. खटला दाखल केला.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "खोलीचा वापर काय?"

"वापर न्हाय, साहेब," रामनाथ म्हणाला. "दिवसभर आतून थापीचा आवाज येतो. आता घराकडची भिंतपण चुलीपर्यंत आलीय."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. खोली पाडायचा आदेश झाला.

पाडायच्या दिवशी सकाळी दहाला पोचलो, तेव्हा धोंडूबाई भांडी अंगणात आणून ठेवत होती. स्वयंपाकघराची भिंत आत फुगली होती, मांडणी तिरकी झाली होती.

"श्रीनाथसाहेब, मोडू नका," ती म्हणाली. "बांधतोय त्याला बांधू द्या. आमीच दुसरीकडं जातो."

"कोण बांधतोय? नाव सांगा, त्यालाही नोटीस काढतो."

माझे मजूर हसले. ती हसली नाही. पातेलं उचलून ती पलीकडे गेली.

गल्लीत मशीन शिरेना, म्हणून घणाने सुरुवात केली. आमच्या पथकातला जुना माणूस लडकू पुढे झाला. पहिली भिंत पडली. तिच्यामागे विटा होत्या. त्या काढल्या, त्यांच्यामागेही विटा.

दुपारपर्यंत आम्ही पाच फूट आत गेलो. कुठेच पोकळी लागली नाही.

"साहेब, ही खोली न्हायच," लडकू म्हणाला. "भरीव हाय सगळी."

"मग भरीव फोड."

चारच्या सुमाराला त्याचा घण दबल्या आवाजात बसला. त्याने वाकून दोन विटांमधल्या सिमेंटला बोट लावलं आणि मला दाखवलं.

ओलं होतं.

मी जवळ गेलो. थापीचे ताजे फटकारे. एका जागी अंगठ्याचा ठसा. चारही बाजूंना विटा, घट्ट बसलेल्या. उंदीर शिरेल एवढीही फट नव्हती.

"फोड," मी म्हणालो.

लडकूने घण खाली ठेवला आणि मागे सरला. बाकीचेही सरले. मी एकटाच पुढे राहिलो.

मधली एक वीट जराशी तिरकी होती.

ती हलली. डावीकडे सरकून सरळ बसली. सांध्यातून सिमेंट बाहेर आलं, आणि कुणीतरी ते अलगद आत ओढून घेतलं.