मौनगंध

धुलाई यंत्राचं दार उघडून स्वरदाने नवऱ्याचा धुतलेला शर्ट बाहेर काढला आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात धरून ती बेसिनकडे धावली.

"लागले बघा डोहाळे!" स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाईंचा, प्राजक्ताबाईंचा आवाज आला. त्यात काळजी कमी आणि कौतुक जास्त होतं. घरात पहिलं नातवंड येणार होतं.

"डोहाळे नव्हेत ओ आई. कपड्यांना वास येतोय. कुबट. आमच्याकडे गगनबावड्याला पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तेव्हा येतोय बघा, तसला. त्याच्यापेक्षा वाईट."

प्राजक्ताबाईंनी शर्ट घेऊन नाकाला लावला. "मला तर नुसता साबणाचा वास यायलाय." मग त्यांनी तो शार्दूलपुढे, म्हणजे शर्टाच्या मालकापुढे धरला. त्यानेही हुंगून मान हलवली आणि तोच शर्ट घालून तो कामावर निघून गेला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले सासरे, बालाजीराव, काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना खोकल्याची उबळ आली आणि बोलणं राहूनच गेलं.

"घाबरू नको," प्राजक्ताबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मलाबी यायचा. शार्दूलच्या बहिणीच्या वेळंला. उशीला, चादरीला, ह्यांच्या सदऱ्याला, सगळ्याला अस्साच घाण वास. बाळंत झाले अन् गेला. तुझाबी जाईल. आता काय खावंसं वाटायलंय ते सांग."

सासू दुष्ट असती तर स्वरदा भांडली तरी असती. पण मायेने समजूत घालणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर मायेची मोठी अडचण आहे.

बालाघाटच्या डोंगररांगेवर वसवलेल्या पठारनगरात पाणी रेशनवर मिळे. तिथली धुलाई यंत्रं त्या हिशेबानेच बनवलेली होती. दोन तांब्यांत घरभराचे कपडे धुवायचे आणि ओल्या कपड्यांतली वाफसुद्धा ओढून पुढच्या धुण्यासाठी साठवायची. वाफ उडून जाऊ नये म्हणून यंत्राचं दार एरवी कुलूपबंद असे. यंत्राच्या हुशारीबद्दल वाद नव्हता. पण दाराभोवतीच्या रबरी घडीत अंधार, ओल, साबणाचा साका आणि माणसाच्या अंगचं तेल एकत्र नांदू लागलं की तिथे जंतू आणि बुरशी यांचा बुळबुळीत थर धरतो. पूर्वीच्या बायका महिन्यातून एकदा यंत्रात कपडे न घालता नुसतं कडकडीत पाणी फिरवत, रबर पुसून काढत आणि दार सताड उघडं ठेवत. पठारनगरात यातलं काहीच परवडणारं नव्हतं. एका यंत्राला असं एकदा न्हाऊ घालायचं, तर घराने चार दिवस प्यायचं काय?

शहर नवं होतं तेव्हा या वासाने लोक हैराण झाले होते. शाळांतून मुलं उलट्या करत. माणसं शहर सोडून जाऊ लागली. आणि मग अचानक तक्रारी थांबल्या. धुण्याची नवी गोळी आली होती. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि गोळीत नेमकं काय आहे, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. वास गेल्याशी मतलब!

स्वरदा मात्र रोज तो वास घेत होती. उशीवर डोकं टेकवलं की येई, पदराने घाम टिपला की येई. त्या दिवशी दुपारी ती बालाजीरावांना चहा द्यायला गेली. ते कप घेताना खोकले आणि तिने कप तसाच टेबलावर आदळला.

तोच वास त्यांच्या श्वासाला येत होता.

तेव्हापासून ती नुसती किळस राहिली नाही, तिला धास्ती वाटू लागली. शर्टात आहे ते सासऱ्यांच्या छातीत उतरलं असेल, तर उद्या तिच्या बाळाला ती कोणत्या कापडात गुंडाळणार होती?

सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या रांगेशेजारी एक वयस्क बाई टेबल मांडून बसल्या होत्या. डॉ. अनुजा किरपेकर. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, रसायनशास्त्रज्ञ होत्या. प्रत्येकीला त्या एकच विचारत, "कसला वास येतो का?" बायका लाजत आणि म्हणत, "येतो की, डोहाळेच ते." डॉक्टर पुढचीला बोलावत.

स्वरदा म्हणाली, "येतोय. बुरशीचा. तुमच्या ओढणीलापण येतोय, मॅडम."

डॉ. किरपेकरांनी ओढणीचं टोक हातात घेतलं, पण नाकाला लावलं नाही. त्यांनी स्वरदाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"तुला बुरशी म्हणून कसं कळलं?"

"पावसाच्या गावची आहे की मी. ओल काय नवीन हाय व्हय मला? पण घरात सगळे मला येडी समजतात. एवढा वास, आणि कुणालाच कसा येत नाही?"

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. "आपल्या नाकात शेकडो प्रकारची कुलपं असतात असं समज. प्रत्येक वासाचे कण म्हणजे किल्ली. किल्ली बसून फिरली की मेंदूला निरोप जातो, हा मोगरा, हा हिंग. आता एखाद्याने कुलपात मोडकी किल्ली घालून ठेवली तर?"

"खरी किल्ली बसायचीच नाही."

"बरोबर. कुबट वासाच्या कुलपात बसणारी अशी मोडकी किल्ली म्हणजे मौनगंध. त्याला स्वतःचा वास नाही. तो धुण्याच्या गोळीतून कपड्यांत येतो, कपड्यांतून दिवसरात्र नाकात जात राहतो. मोगरा येतो, हिंग येतो. फक्त तो एक वास येत नाही."

"म्हणजे वास गेलेला नाही?"

"वास आहे तिथेच आहे. नाक गप्प बसलंय."

"आणि घाण?"

"तीही तिथेच. वाढतेय."

स्वरदाचा हात आपोआप पोटावर गेला. "मग मलाच कसा येतोय?"

"माझा अंदाज असा की गरोदरपणात नाकाच्या त्या पेशी फार झपाट्याने नव्या येतात. मोडकी किल्ली टिकत नाही. या शहरातल्या प्रत्येक गरोदर बाईला तो वास येतो. आणि प्रत्येकीचं घर म्हणतं, डोहाळे! मीसुद्धा इतकी वर्षं तेच म्हणत आले. आता दवाखान्यात छातीत बुरशी धरलेली माणसं यायला लागली, तेव्हा या रांगेत येऊन बसले."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कुणाच्या डोक्यातून निघालं हो हे?"

"माझ्या," डॉ. किरपेकर म्हणाल्या. "नवी जलवाहिनी येईपर्यंत दोन वर्षं काढायची होती. जलवाहिनी आलीच नाही. कुणाला वासच येत नव्हता, मग ती कोण मागणार?"

पाणीवाटप समितीपुढे डॉ. किरपेकर एकट्याच गेल्या. समितीच्या अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मॅडम, उद्या गोळी बंद केली तर लोकांना वास येईल. पाणी येईल का?"

"वास आला तर लोक पाणी मागतील."

"आणि पुरावा काय तुमच्याकडे? गरोदर बाईचं नाक? डोहाळ्यांवर शहर चालवायचं आम्ही?" समितीत हशा पिकला. "गरोदर नसलेलं, जाणतं माणूस आणा. आमच्यासमोर यंत्रं हुंगून दाखवू द्या. मग बघू."

स्वरदाला हे कळलं तेव्हा तिनेच वाट काढली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत होतीच. गगनबावड्याला ती गोळी नव्हती आणि पाण्याला तोटा नव्हता. तिथेच बाळंत व्हायचं, नाक उघडं ठेवून परत यायचं आणि समितीपुढे उभं राहायचं. "माझ्या पोराला या कपड्यांत नाही गुंडाळायचं मला," ती म्हणाली. डॉ. किरपेकरांना कितीतरी वर्षांनी बरं वाटलं.

पण बालाजीराव अंथरुणाला खिळले आणि सासऱ्यांना तशा अवस्थेत टाकून स्वरदाला निघवेना. आज जाईन, उद्या जाईन करता करता ते गेले. छातीच्या फोटोत काळा गोळा होता, लिंबाएवढा. घरात रडारड चालू असतानाच स्वरदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरीवर मुलगी झाली, दवाखान्याच्या धुतलेल्या दुपट्यात तिला गुंडाळलं, आणि सगळं पार पडेपर्यंत कुणाला वासाची आठवणही राहिली नाही.

डॉ. किरपेकर घरी आल्या तेव्हा बाळ महिन्याचं झालं होतं. स्वरदा पलंगावर बसून त्याला पाजत होती. डॉक्टरांनी दोन बंद पिशव्यांतून दोन पांढरी कापडं काढून टीपॉयवर ठेवली. एक प्रयोगशाळेत नव्या पाण्यात उकळलेलं होतं. दुसरं महिनाभर यंत्राच्या रबरी घडीत ठेवून मग वरवर धुऊन आणलेलं होतं. वरून दोन्ही सारखीच स्वच्छ दिसत होती.

"यातलं बुरशीचं कुठलं, सांग."

स्वरदाने एक उचललं, हुंगलं, ठेवलं. दुसरं उचललं. परत पहिलं. मग तिने दोन्ही मांडीवर टाकली.

"सारखीच आहेत की ओ दोन्ही."

"तुझं नाक मिटलंय. काही बिघडलं नाही. बाळाला घेऊन महिनाभर माहेरी जा, उघडेल. मग समितीपुढे..."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग महिनाभराने मी इथेच यायची ना? ह्यांची नोकरी इथं, घर इथं. तेव्हा पाणी आलेलं असेल?"

डॉ. किरपेकर खरं बोलणाऱ्या बाई होत्या. "नाही. लगेच नाही. काही वर्षं लागतील."

"मग ती काही वर्षं मी काय करू? हिला छातीशी धरली की मला तो वास येणार. हिच्या टाळूला, हिच्या हातांना. बाबांच्या श्वासाला यायचा तसा." तिने बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. "आता हिचा वास येतोय मला, मॅडम. दुधाचा आणि तेलाचा. एवढाच येऊ दे."

"बाबा कशाने गेले, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"तरी?"

"मला सगळं ठाऊक आहे. पण ठाऊक असण्याचं काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही."

डॉ. किरपेकर टीपॉयवरच्या रिकाम्या पिशव्या सारख्या करत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर एका कुलपाचा अभ्यास केला होता, आणि ते बंद असावं की उघडं, हे एका बाळंतिणीला सांगण्याइतकीही अक्कल त्यातून आली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात बाळाने दूध ओकलं. प्राजक्ताबाई लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांनी सुनेच्या मांडीवरचं एक कापड ओढून बाळाच्या तोंडाकडे नेलं.

"नको! थांबा!" डॉ. किरपेकरांनी ते हिसकावून घेतलं. दुसरंही उचललं. "यातलं एक बुरशीचं आहे."

"कुठलं?"

डॉक्टरांनी टीपॉयकडे पाहिलं. तिथे दोन रिकाम्या पिशव्या होत्या. कापडांवर खूण केलेली नव्हती; स्वरदा नाकानेच ओळखेल, खुणेची गरज काय, असं त्या घरून निघताना स्वतःशीच म्हणाल्या होत्या. त्यांनी एक कापड नाकाला लावलं आणि मग दुसरं. गोळीने धुतलेली ओढणी त्यांच्याही गळ्यात होती.

प्राजक्ताबाईंनी दोन्ही कापडं त्यांच्या हातातच हुंगून पाहिली. "धुतलेलीच हायत की दोन्ही. पोरगी बघा कशी ओली व्हायली. द्या कुठलंबी एक."

डॉ. किरपेकर दोन हातांत दोन कापडं घेऊन उभ्या राहिल्या. बाळ रडायला लागलं, हनुवटीवरचं दूध गळ्याच्या वळीत उतरू लागलं. स्वरदाने एकदा या कापडाकडे पाहिलं, एकदा त्या. मग तिने उजव्या हातातलं घेतलं आणि लेकीचं तोंड पुसलं.