घासलेली मूठ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची मनधरणी करायची नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

एका रविवारी, भर दुपारी, माझ्याच घरात हे सुरू झालं.

मी आफ्रिकेतले जुने लाकडी सोटे जमवते. गोल डोक्याचे, डोकं आणि दांडा एकाच लाकडातून कोरलेले. लोक हसतात. हसू देत. अस्सल जुना सोटा मला ओळखता येतो. लाकूड वाळताना आडवं जास्त आक्रसतं, म्हणून जुनं डोकं मापलं तर बरोबर गोल भरत नाही. आणि मुख्य बघायची ती मूठ. जिथे हात लागतो तिथेच काळी चकाकी, खाचेत मात्र फिकट. नकली मालाला बूटपॉलिश सगळीकडे सारखंच फासलेलं असतं.

म्हणून माझा एकच नियम. मूठ पुसायचीसुद्धा नाही.

माझ्याकडचा सगळ्यात जुना सोटा टोकाला झिजलेला होता. म्हणजे कुणीतरी तो आयुष्यभर टेकत चाललं होतं. कुणाचा कोण, देव जाणे. पण त्या माणसाचं या जगात तेवढंच उरलं होतं.

आणि माझ्या भावाने ते घासून काढलं.

तो सुतार. मी बाहेरगावी गेले होते, घराची किल्ली त्याच्याकडे. याचे हात शिवशिवले. पॉलिशपेपर मारला, वर वार्निश.

"ताई, बघ, कसा नवा कोरा केलाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"अगं, मळ होता नुसता."

"मळ नव्हता तो. माणूस होता."

तो हसला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मग त्या रविवारपासून आवाज यायला लागला.

दुपारचा. सोट्यांच्या खोलीतून.

ठक्...

थोडं थांबून पुन्हा... ठक्.

दार उघडलं की सगळं गप्प. बाकीच्या सोट्यांवर धूळ होती. या एकाच्या मुठीवर... नव्हती.

हात लावला. मूठ ओलसर होती.

मला वाटलं, भाऊच चोरून येतोय, किल्ली आहेच त्याच्याकडे. झाडायलाच फोन केला. भावजयीने उचलला.

"ते कसले येतायत, ताई? त्यांच्या हातात पटाशीसुद्धा राहत नाहीये."

मी तशीच त्याच्या कारखान्यात गेले. तो फळीवर बसला होता. हत्यारं पायाशी पडलेली.

"पकडलंय असं वाटतं गं. बघतो तर खाली."

मी त्याचा उजवा तळहात उलटा केला.

एकही रेष नव्हती.

गुळगुळीत. पॉलिशपेपर मारल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत, रक्त ठीक आहे, साबण बदलून बघा. साबण म्हणे. डोंबल.

घरी येऊन मी सोटा उजेडात धरला. मुठीवरचं वार्निश गेलं होतं. काळी चकाकी आली होती. जिथे हात लागतो तिथेच. खाचेत फिकट. भिंगाखाली कितीदा बघितलं. साठ-सत्तर वर्षं हात फिरलेली मूठ होती ती. पैजेवर सांगितलं असतं. आणि घासून महिनाही झाला नव्हता.

मी रिकाम्या खोलीत ओरडले. "तुझं घासलं, चूकच झाली. पण त्याचं घर त्या हातावर चालतं. दे त्याचं त्याला."

ठक्.

माझ्या मागे... आणि सोटा तर माझ्या हातात होता.

मी तो तसाच भावाकडे नेला. म्हटलं, माफी माग. तो बिचारा खरंच मागायला लागला. दोन्ही हातांत सोटा धरून म्हणाला, "चुकलं माझं."

आणि सोटा त्याच्या हातात राहिला. पडला नाही. भावजय रडतारडता हसली. मीही.

"आता ठेव खाली," मी म्हटलं.

त्याची उजवी मूठ उघडेना. आम्ही दोघींनी एकेक बोट सोडवलं.

तेव्हापासून त्या हातात दुसरं काही टिकत नाही. चमचा नाही, पटाशी नाही. फक्त तो सोटा. परत नेला तर हा जेवत नाही. राग येतो मला. एवढी माफी मागितली माणसाने, अजून काय हवंय?

परवा त्याची लेक त्याच्याजवळ गेली. "बाबा, चला ना," म्हणत तिने आपला हात त्याच्या उजव्या हातात दिला.

त्याला कळलंच नाही. तिचा हात निसटला. तिने पुन्हा दिला, पुन्हा निसटला.

मी तिला उचलून दाराकडे वळले.

मागून आवाज आला... ठक्.

भाऊ खुर्चीतच होता. सोटा त्याच्या मांडीवर आडवा. आणि तो मान हळूहळू फिरवत कुणाला तरी खोलीभर चालताना बघत होता.