छत्री उघडली, त्यानंतर

"बूट बाहेर!"

ती न बघताच ओरडली. लांबलचक टेबलावर घडी घालायची पांढरी हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, पसरलेली, हातात दोऱ्यांचा जुडगा, आणि दारात नौदलाचा एक वैमानिक. सोबती त्याला पाणकोंबडा म्हणत. जहाजावरून उडायचा आणि पुन्हा जहाजावरच उतरायचा, म्हणून.

"हजेरी द्यायची ती शेजारच्या खोलीत ना?"

"शेजारच्याच."

"मग चुकलोच की..." असं म्हणून तो बूट काढून आत आला.

"यातली माझी छत्री कोणती?"

"सगळ्या सारख्याच."

"माझी घडी जरा प्रेमानं घाला ना."

"प्रेमानं घातली तर उघडायची नाही. मी नियमानं घालते."

पण तिचे कान लाल झाले. नियमात त्याची तरतूद नव्हती.

मग तो रोज चुकू लागला. ती आत्याकडे राहायची. आत्या म्हणाली, "शेजारची खोली न सापडणाऱ्याला विमान कोण देतं गं?" तरी मोहिमेवरून परतला की त्यानं लग्नाचं बोलायला यावं, असं ठरलं.

मोहिमेत शत्रूनं त्याचं विमान पाडलं. ते शत्रूच्याच रेडिओनं मोठ्या आनंदानं कळवलं – वैमानिक छत्रीनं उतरला, जिवंत आहे, कैदेत आहे.

तळावर एक रीत होती. छत्रीनं जीव वाचला, की वैमानिकानं घडी घालणारीसाठी केक आणायचा. हा कैदेत, म्हणून सोबत्यांनी वर्गणी काढली. "तुमच्या हाताला यश आहे हो!" सगळ्यांनी केक खाल्ला. सगळे बघत होते म्हणून तिनंही खाल्ला, आणि मोरीत जाऊन ओकली.

घड्या ती घालतच राहिली. दोरी सरळ करताना मनात यायचं – ही छत्री ज्याची, तो पडला तरी मरणार नाही... मग शत्रू त्याचं काय करतील? कैदेतल्या बातम्या झिरपत येत होत्या. अंधारी कोठडी, मार, ताप. आत्या स्थळं आणून दमली.

"अगं, तो येईल याचा काय भरवसा?"

"नाहीच यायचा बहुतेक," ती म्हणायची, आणि नकार कळवायची.

बऱ्याच वर्षांनी युद्ध संपलं, कैदी सुटले. ती इस्पितळात गेली. खाटेवर एक म्हातारा भिंतीला पाठ घट्ट लावून बसला होता. वय तिच्याएवढंच.

"पाणी पिऊ का?" त्यानं विचारलं. ग्लास त्याच्याच हातात होता.

"प्या ना."

पिऊन झाल्यावर तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"तिथे मी रोज म्हणायचो... छत्री उघडायलाच नको होती. तुमचं नाव घेऊन म्हणायचो."

हे वाक्य ती स्वतःला वर्षानुवर्षं ऐकवत आली होती. त्याच्या तोंडून ते जास्त लागलं.

"रोज नाव घेत होतात म्हणजे," ती शेवटी म्हणाली. "लग्नाचे नवरेसुद्धा घेत नाहीत."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणावं इतकं नाही.

"आणि आता काय म्हणता?"

"सकाळी... अजून तेच."

"संध्याकाळी?"

"कोणी विचारलं नाही."

तिनं खुर्ची ओढली.

"बसू का?"

तो गोंधळला. त्याची परवानगी मागणारं माणूस इतक्या वर्षांत भेटलंच नव्हतं.

"बसा... पण मी काही बरा व्हायचा नाही हो."

"मी बसायचं विचारलं," ती म्हणाली, आणि बसली.