पाचवी पायरी

शेवटच्या त्या तासाभरात दादाबरोबर खेळत कोण होतं?

धाकट्याने हे सिस्टरला विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं, आईलाही विचारलं. सिस्टर म्हणाली, "तूच ना? 'ढब्बू, डावीकडून ये' म्हणून हसत होता की तो." आणि सलाईनचा स्टँड ढकलत निघून गेली. घरात ढब्बू म्हणत ते धाकट्यालाच. पण त्या तासाभरात ढब्बू टायरच्या दुकानात ट्रकचं चाक खोलत होता.

लहानपणी दोघा भावांत मिळून हातात धरायचं एक गेमयंत्र होतं. मारामारी करून करून त्यांनी ते मोडलं. दादा वॉर्डात पडून कंटाळला तेव्हा त्याने तेच खेळ फोनवर चालवणारं ॲप शोधून काढलं. आता दोघांना आपापल्या जागेवरून, एकाच खेळात, एकाच वेळी उतरता येणार होतं. धाकट्याला त्रास नको म्हणून दादाने स्वतःच्या फोनमधलं सगळं जसंच्या तसं त्याच्या फोनमध्ये उतरवून दिलं. वाचायचं म्हटलं की धाकट्याला घाम फुटायचा, म्हणून वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत पाच पायऱ्या लिहून दिल्या. पाचवीखाली दोन रेघा ओढल्या: 'ओळख-नंबरचा शेवटचा आकडा बदल. नाहीतर आपण दोघं ॲपला एकच माणूस वाटू.'

त्या दिवशी दुपारी चारला दादाचा फोन आला.

"खेळाची खोली उघडून बसलोय. ये."

"घेतच नाही मला. म्हणतंय, तुम्ही आधीच आत आहात."

"पाचवी पायरी केलीस?"

"केली की."

केली नव्हती. चार पायऱ्या वाचतानाच त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"एकदा परत बघ ना, राजा."

"मला नाही जमत तुझं हे. गिऱ्हाईक उभंय इथे."

"बरं... मी थांबतो. तू ये सावकाश."

धाकट्याने फोन टायरांच्या ढिगावर भिरकावला. पाचला दवाखान्यातून निरोप आला, दादा गेला.

त्याला तीन आठवडे झाले. दादाचा फोन दवाखान्याने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आईच्या कपाटात पडून होता. बंद. आईने त्याला हात लावू दिला नव्हता.

अशाच एका दुपारी आई गोळी घेऊन झोपली होती. खिडकीचा पडदा ओढलेला. पंख्याचं एक पातं दर फेऱ्याला कुठेतरी घासत होतं. धाकट्याच्या हातांना रबराचा वास होता, कितीही धुतले तरी न जाणारा. तो कपाटाला टेकून खाली बसला आणि वहीचं पान मांडीवर उलगडलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेला. पाचव्या पायरीला त्याने शेवटचा आकडा बदलला. दोनदा तपासला. एवढं सोपं होतं ते. अर्ध्या मिनिटाचं काम.

स्क्रीनवर खोल्यांची यादी आली. एकच खोली होती. दादाची.

जागा दोन. भरलेल्या दोन.

आत नावं होती. दादा. ढब्बू.

पंख्याचं घासणं थांबल्यासारखं वाटलं. वर बघितलं तर पंखा फिरत होता. खाली निरोप लिहायची चौकट होती. त्याने अंगठ्याने लिहिलं, 'दादा मी आलो'.

मग दादाच्या नावासमोर उत्तर आलं.

'ढब्बू तर इथेच आहे. तू कोण?'

आणि त्याखाली, दुसऱ्या नावासमोर:

'पाचवी पायरी केली की.'

हे उत्तर त्या दिवशी फोनवर त्याच्याशिवाय आणि दादाशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

धाकट्याला वाटलं, आकडा पुन्हा पहिल्यासारखा केला तर आतला तो ढब्बू आणि आपण एकच होऊ. मग दोघांपैकी एकाला बाहेर पडावं लागेल. त्याला खेचून काढायचं, आपण आत शिरायचं. त्याचं बोट आकड्यावर गेलंसुद्धा. पण आपल्यालाच घेतलं नाही तर? त्या दिवशी घेतलं नव्हतं. मग दादा परत एकटा. परत वाट बघत.

चौकटीत नवी ओळ उमटली. ती त्याच्यासाठी नव्हती.

'बॅटरी संपत आली रे ढब्बू. लाल झाली.'

'खेळ तू. कुणीतरी चार्जिंगला लावेल.'

धाकटा उठला. आईकडे पाहत कपाटाचं दार हळूच ओढलं. पिशवीची गाठ तशीच होती, दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली. त्याने पिशवी फाडली. फोनची काच काळी, मेलेली... पण पाठीकडून तो गरम होता. कुणाच्या तरी हातातून आत्ता घेतल्यासारखा.

त्याने तो चालू करून बघितला नाही. स्वतःचा चार्जर काढला, दादाच्या फोनला लावला आणि फोन आईच्या साड्यांवर अलगद ठेवला. वायर चेंगरू नये म्हणून कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवलं.