उशीखालची बाटली

गोळी तीच, मात्रा तीच. मग ठकूबाईंच्या हिरड्यांतून दोन दिवस रक्त का येत होतं?

सन २०६१. शाल्मलीची आई वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायची. शाळेला सुट्टी म्हणून शाल्मली तिच्याबरोबर वॉर्डात आली होती. तपासणीला होता पारख, रक्ताची परीक्षा करणारा यंत्रमानव.

"रक्त पातळ करणारं औषध रक्तात तिप्पट झालंय," पारख म्हणाला.

"गोळ्या जास्त घेतल्यात का?" आईने विचारलं.

"एकच घेते, बाई." खाटेवरच्या ठकूबाईंचा हात उशीवर गेला.

ते शाल्मलीने पाहिलं. "आजी, उशीखाली काय आहे?"

"सांधेदुखीचा काढा, गं. परवा या डॉक्टरपोराला सांगितलं, तर म्हणतो, पाला खायला तुम्ही काय शेळी आहात? सगळे हसले. मग मी गप्प बसले."

शिकाऊ डॉक्टर हर्षलने मान खाली घातली.

"मी नव्हते हसले, मॅडम," त्याच्या शेजारची शिकाऊ डॉक्टर मृण्मयी म्हणाली. "झाडपाल्याने अपाय होत नाही, म्हणून लिहिलं नाही."

आईने केसपेपर उचलला. 'इतर औषधे' यापुढे लिहिलं होतं : नाहीत.

"माझ्या अण्णांच्या कागदावरही हाच शब्द होता," आई म्हणाली. अण्णा आजोबा गेल्या वर्षी याच वॉर्डातून परत आले नव्हते, हे शाल्मलीला ठाऊक होतं. "एक हसला, एकीने झाडपाल्याला डोळे झाकून हात जोडले. काढ्यात काय आहे, हे दोघांनीही विचारलं नाही. पारख, तू सांग. माझा आवाज चढेल."

पारखने काढ्याचा थेंब तपासला. "यकृतात विकरं (पदार्थ मोडणारी प्रथिनं) असतात. ती रोज गोळीतलं औषध थोडं थोडं मोडतात. या काढ्यातलं एक द्रव्य त्याच विकरांना अडकवून ठेवतं. मग औषध मोडत नाही, साठत जातं."

"म्हणजे काढा वाईट?" शाल्मलीने विचारलं.

"गोळी आणि काढा हा भेद विकराला कळत नाही. त्याला फक्त रेणू (पदार्थाचे गुण टिकवणारा सर्वांत लहान कण) भेटतो. ज्या रेणूत एवढी ताकद आहे, तो उद्याचं औषधही ठरू शकतो. पण आधी मोजायला हवा."

आईने गोळी थांबवली, रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन दिलं. मग 'नाहीत' खोडून कागद हर्षलपुढे धरला. तिचा राग उतरला नव्हता.

हर्षल स्टूल ओढून बसला. "आजी, काढ्यात काय काय घालता?"

"लिहून घेशील?"

"घेतो."

"मग नीट बस. एवढा पाला शेळीसुद्धा खात नाही."