शेवडे मास्तरांची उसनी भूक

मानवजातीनं भुकेचं कोडं कायमचं सोडवलं, अशी घोषणा त्या वर्षी झाली. घोषणा करणारे शास्त्रज्ञ आणखी बरंच बोलणार होते, पण जेवण गार होतंय असा निरोप आला आणि सभागृह रिकामं झालं.

कोड्याचं उत्तर आता सांगलीच्या एका दवाखान्यात, बटणाएवढ्या दोन चकत्यांच्या रूपानं टेबलावर पडलं होतं. निवृत्त ड्रिलमास्तर त्र्यंबक शेवडे त्यांच्याकडे संशयानं बघत होते. शेजारी त्यांची नात मृण्मयी. वय नऊ, वजन आजोबांच्या जवळपास. तिला निवासी शिबिरात धाडायचं मास्तरांनी पक्कं केलं होतं. तिथे पहाटे पळवत आणि जेवायला अर्धी भाकरी देत. फक्त डॉक्टरांची परवानगी हवी होती.

"देते," डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या. "आधी थोडा वेळ या क्षुधादर्पणाच्या चकत्या लावा. तुम्ही दोघंही."

"हे काय नवीन?"

"भूक पोटात असते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती निरोपांत असते. पोट रिकामं झालं की घ्रेलिन सोडतं, म्हणजे 'वाढा'. अंगातली चरबी लेप्टिन सोडते, म्हणजे 'पुरे'. हिच्या रक्तात लेप्टिन भरपूर आहे, पण मेंदूला ते ऐकू जात नाही. चकत्या मानेवर लावल्या की हिच्या मेंदूला जे ऐकू येतं ते तुम्हाला ऐकू येईल, तुमचं हिला."

"भूक सगळ्यांची सारखीच हो. फरक मनाच्या ताब्याचा. सत्तर वर्षं मी दीड भाकरीवर उठतोय. पंगतीत व्याह्यांनी कितीही आग्रह केला तरी पानावर हात आडवा."

"रोज सांगतात," मृण्मयी म्हणाली.

चकत्या लागल्या. आधी काहीच झालं नाही. मग मास्तरांच्या आत भुकेचं पाणी चढू लागलं. कृष्णेला चढतं तसं, आवाज न करता, घाटाची एकेक पायरी दिसेनाशी करत. ते नुकतेच जेवून आले होते. त्या जेवणाचा मागमूस राहिला नाही. भिंतीवरच्या आहारतक्त्यातलं केळं त्यांच्याकडे रोखून बघू लागलं. डॉक्टर काहीतरी बोलत होत्या. मास्तरांना फक्त केळं ऐकू येत होतं.

"हे... हिला रोज होतं?"

"जेवल्यावरसुद्धा."

"आणि ही शाळेत जाते? पाढे म्हणते?"

"सतराचापण येतो," मृण्मयी म्हणाली.

मास्तरांनी नातीकडे पाहिलं. आखाड्यातल्या एखाद्या थोर मल्लाकडे बघावं, तसं. आपण आडवा धरलेला हात त्यांना आठवला. त्या हाताला कधी काही अडवावंच लागलं नव्हतं.

मृण्मयी खिडकीतून बाहेर बघत होती. "आबा, तुमच्यात केवढं शांत आहे. खाण्याचं आठवतच नाहीये. एवढ्या मोकळ्या जागेत तुम्ही काय करता?"

"हे हिला झालं कशानं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"थोडं जन्मजात, थोडं पाकिटातल्या गोडानं. लहानपणी जेवताना ही तोंड फिरवायची का?"

"फिरवायची ना. मी सोडतो होय? काऊचा घास, चिऊचा घास करत वाटी चाटूनपुसून..." मास्तर थांबले.

"एवढ्यानंच झालं असं नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण तेव्हा तिला 'पुरे' ऐकू येत होतं."

वेळ संपली तशी डॉक्टरांनी चकतीकडे हात नेला. मृण्मयीनं मान आकसून घेतली. बोलली मात्र नाही. न मागण्याची तिला सवय होती.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

"औषधानं तिचा मेंदू ऐकायला लागेल, पण वर्ष जाईल. तोवर तिची ही भूक तुमच्याकडे. वजन वाढेल. लोक खादाड म्हणतील, मनावर ताबा नाही म्हणतील."

"म्हणतील. मीच म्हणत होतो."

"आणि शिबिर?"

"कसलं शिबिर?"

मास्तर संचलनाला उभे राहावेत तसे ताठ उठले. दारापर्यंत गेले, परत आले आणि डॉक्टरांच्या कानाशी वाकले.

"बाई, खाली वडे तळतायत वाटतं. दोन सांगता का? चटणी वेगळी."