निळं बोट

सुधन्वाने त्या पत्राला उत्तर दिलंच नव्हतं. महिन्यापूर्वी ते दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्याच्या बाल्कनीत कागदी पाखरू होऊन आपणहून उडत आलं होतं. आत एकच ओळ – 'बाहेरची माणसं उत्तर देतात का? – लुंबिनी', आणि खाली आर. के. पुरमचा पत्ता. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोट निळं झालं ते झालंच. साबण हरला, लिंबू हरलं.

आज ऑफिसचं टपाल घेऊन तो आर. के. पुरमच्या पोस्टात रांगेत उभा होता. पुढची मुलगी वळली आणि त्याच्या बोटाकडे पाहतच राहिली.

"उत्तर दिल्याशिवाय माझी शाई जात नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणजे... तुम्हीच."

सुधन्वाचे कान लाल झाले. "लिहिलं होतं. अकरा ड्राफ्ट झाले."

"मग अडलं कुठे? वरून मंजुरी यायची होती?"

"एकही... बरा वाटला नाही."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. तिला वाढवलं शीलाआत्याने. आत्या सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर. पोरीला जादू येते म्हणून तिने तिला क्वार्टरच्या चार भिंतींत जपलं; शाळा घरात, आकाश खिडकीत. बाहेरच्यांना आपली पर्वा नसते, हा रोजचा धडा. तो लुंबिनीला पटेनासा झाला तेव्हा दोघींत पैज लागली. महिन्याभरात एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं तर दार उघडं. नाही तर पुन्हा बाहेरचं नाव काढायचं नाही.

"महिना आज संपतो," लुंबिनी म्हणाली. "पोस्टात एकदा विचारून ये, म्हणून आत्यानं सोडलं."

"पण आता टाकलं तरी उद्या-परवा पोचणार."

"आजचा शिक्का पुरे. आत्या माझं ऐकणार नाही, शिक्क्याचं ऐकेल."

त्याने आंतर्देशीय पत्र घेतलं. पेन पहिल्याच शब्दाशी थबकलं.

"प्रिय लिहू... की महोदया?"

"महोदया लिहून तर बघा. शाई चेहऱ्यावर चढवते."

त्याने 'प्रिय' लिहिलं. काउंटरवरच्या पावत्या फुलपाखरांसारख्या वर उठल्या.

"अरे भाई, पंखा कम करो," आतून पोस्टाचे बाबू ओरडले. पंखा बंदच होता.

'देतात,' सुधन्वाने लिहिलं. 'उशीर होतो, कारण घाबरतात. रविवारी यमुनेपलीकडे येशील? मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर थांबतो.'

"हे आत्या आधी वाचेल हं."

"वाचू दे." एकही खाडाखोड न करता त्याने कागद चिकटवला.

लाल पेटीत पत्र पडल्याचा चिमुकला आवाज आला. सुधन्वाने हात वर केला – बोट स्वच्छ.

"मग रविवारी मला ओळखणार कशावरून?"

"कानांवरून," लुंबिनी म्हणाली.